पॉगसन, नदी आणि कलम चौदा

डेस्मंड पॉगसनला राग आला की आधी त्याचे कान लाल होत, मग मान, आणि मग तो उभा राहून नियम वाचायला लागे. हॉक्सबी गळ-मंडळाच्या फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेत कान आणि मान हे दोन्ही टप्पे मागे टाकून तो उभा राहिला, तेव्हा पबच्या मागच्या खोलीतल्या बावीस सभासदांनी आपापले ग्लास जवळ ओढून घेतले. पॉगसन उभा राहिला की पाऊण तास तरी खाली बसत नाही, हे गावाला ठाऊक होतं. नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात त्याने छत्तीस वर्षं काढली होती. नियम वाचताना त्याचा आवाज खर्जात उतरे.

या वेळी त्याला उभं केलं ते अध्यक्ष गॉडफ्री टनिक्लिफने. टनिक्लिफचं गावात गालिच्यांचं दुकान होतं आणि दोघं शाळेपासूनचे मित्र होते, म्हणजे एकमेकांचा अपमान करायला त्यांना प्रस्तावना लागत नसे. मंडळाचा मानाचा 'कॉरोनेशन कप' दर सप्टेंबरात ट्रेंट नदीच्या काठावर व्हायचा. काठावर ओळीने बसायचं, शिट्टी वाजली की गळ टाकायचा, पाच तासांनी ज्याच्या जाळीत वजन जास्त तो जिंकला. यंदा हा सामना नदीवर न घेता पॅडलवर्थच्या तळ्यांवर घ्यावा, असा टनिक्लिफचा प्रस्ताव होता. पॅडलवर्थची तळी म्हणजे बीटाच्या शेतात यंत्राने खणलेले पाच खड्डे. त्यांत पाणी कमी आणि कार्प जास्त. सकाळी पैसे भरायचे, नंबराच्या फळीवर बसायचं आणि हात दुखेपर्यंत मासे ओढायचे.

"मित्रहो," टनिक्लिफ म्हणाला, "गेल्या वर्षी नदीवर किती जण आले? चार. त्यातला एक रस्ता चुकून आला होता."

"तो मी," लायनेल म्हणाला. लायनेल हा पॉगसनचा मेव्हणा. खरं बोलण्याची त्याला खोड होती आणि वेळ तो नेमकी चुकीची साधायचा.

"आणि चौघांत मिळून मासे किती? एक. तोही काढताना परत पडला."

"कलम चौदा!" पॉगसन गरजला. "'कॉरोनेशन कपाचा सामना नदीवरच भरवला जाईल.' नदीवरच! हा 'च' कुणी गंमत म्हणून घातलेला नाही! डबक्यावर भरवायचा असता तर लिहिलं असतं डबक्यावर!"

"डबकं म्हणू नकोस, डेस. तिथे कॅफे आहे."

"मासे धरायला कॅफे कशाला लागतो? उद्या म्हणाल, मासा टेबलावर आणून द्या!"

"देतात की," मागून कुणीतरी म्हणालं. "बटाट्याच्या कापांबरोबर."

हशा पिकला. पॉगसनची मान जांभळी झाली. त्यानंतर तो जे बोलला ते इतिवृत्तात 'श्री. पॉगसन यांनी भावना व्यक्त केल्या' एवढंच आलं. पण कलम चौदा काही खोडता येईना. अखेर टनिक्लिफने तोडगा काढला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नदीवर गळ टाकायला मंडळाचे दहा सभासद आणून दाखव. दहा बसले तर कप नदीवर. नऊ बसले तर कप पॅडलवर्थला आणि पॉगसनने पुन्हा कलम चौदाचं नाव काढायचं नाही.

"दहा?" पॉगसन म्हणाला. "वीस आणतो!"

रागाच्या भरात बोललेला आकडा फार महाग पडतो. पॉगसनला हे घरी पोचायच्या आत कळलं होतं, पण बायकोसमोर कबूल करण्याची सोय नव्हती.

"तू स्वतः नदीवर शेवटचा कधी गेला होतास?" ग्लेनिसने विचारलं. ती बटाटे सोलत होती.

"प्रश्न तो नाही."

"मला तर तोच दिसतोय," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो लायनेलला घेऊन काठ बघायला गेला. काठ जागच्या जागी असावा असा अंदाज होता, पण तो दिसला नाही. पूर्वी जिथे तीस जागा ओळीने होत्या तिथे छातीएवढी काटेरी जाळी माजली होती, अंगाला लागताच आग होणारी खाजरी झुडपं होती आणि दोन विलोची झाडं आडवी पडलेली होती. नदीचा आवाज येत होता, नदी दिसत नव्हती.

"नदी हलवली असेल का?" लायनेलने विचारलं.

पॉगसन सरळ जाळीत घुसला. बाहेर आला तेव्हा त्याचा कोट आत राहिला होता.

आता शेजारी ओल्डरशॉ यांचा प्रवेश झाला. निवृत्त भूगोल शिक्षक. जगातल्या सगळ्या नद्या त्यांनी नकाशात पाहिलेल्या असल्यामुळे नद्यांवर सल्ला देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असं त्यांना वाटे. कुंपणावर कोपर टेकवून ते म्हणाले, "पॉगसन, बकऱ्या सोडा. झुडपं साफ करायला बकरीसारखं यंत्र नाही."

"बकऱ्या कुठून आणू?"

"तो तपशील झाला," ओल्डरशॉ म्हणाले. तपशिलात त्यांना कधीच रस नसे. पण मन मोठं. त्यांनी भाच्याचं गवत कापायचं यंत्र आणून दिलं. यंत्र सुरू व्हायला अकरा झटके लागत आणि बंद व्हायला त्याची स्वतःची इच्छा लागे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पॉगसनने ते चालवलं. दहा मिनिटांत त्याने चार फूट काठ, एका बुटाचं टोक आणि लायनेलच्या डब्याचं झाकण एवढं कापून काढलं.

तेवढ्यात जमिनीची मालकीण आली. एनिड बर्डसॉल, वय सत्तरच्या पुढे, विधवा, साठ बैलांची एकटी धनीण. काठ तिचा होता, मंडळाने तो वर्षाच्या कराराने घेतलेला होता.

"बंद करा ते," ती म्हणाली. "पक्षी अंडी घालताहेत. ऑगस्टपर्यंत एका फांदीला हात लावायचा नाही."

"बाई, मी ही नदी वाचवायला आलोय!"

"नदीला काय झालंय? वाहतेय की."

या प्रश्नाने पॉगसन आणखी चिडला. काय झालंय नदीला, हा प्रश्न पबमध्ये विचारला तर प्रत्येकाकडे वेगळं उत्तर होतं. कुणी म्हणे पाणकावळ्यांनी मासे खाल्ले. कुणी म्हणे पाणमांजरांनी. कुणी म्हणे वीजघर बंद पडलं, त्याचं कोमट पाणी यायचं थांबलं आणि मासे थंडीने गारठून दुसरीकडे गेले. एक जण तर शपथेवर सांगे की नदी फार स्वच्छ झाली, हाच घोटाळा. पूर्वी कशी छान गढूळ होती, आता तळ दिसतो, माशाला लाज वाटते. पॉगसनचं मत निराळं होतं. मासे गेले नव्हते. माणसं गेली होती. पाच तासांत चार मासे मिळवायचे तर पाणी वाचावं लागतं, वारा बघावा लागतो, गप्प बसावं लागतं. तळ्यावर यातलं काहीच लागत नाही, आणि ज्याला काहीच लागत नाही ते माणसाला फार आवडतं. हे तो ओरडून सांगे. शांतपणे सांगितलं असतं तर कदाचित कुणी ऐकलंही असतं.

एप्रिल ते ऑगस्ट काठाला हात लावता येत नव्हता, म्हणून पॉगसनने कागदपत्रं हाती घेतली. विमा कंपनी म्हणाली, सामन्याला विमा हवा तर धोक्याचं पत्रक भरून नगरपालिकेचा शिक्का आणा. पॉगसन छाती पुढे काढून नगरपालिकेत गेला. खिडकीतल्या मुलीने पत्रक दिलं. त्याने पहिली ओळ वाचली आणि त्याचे कान गरम झाले.

पत्रक त्याने स्वतःच तयार केलेलं होतं. वीस वर्षांपूर्वी, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांसाठी. त्याच्यामागे खात्याला ते इतकं आवडलं होतं की आता सगळ्याच कामांना तेच लावत होते. 'खांबाची उंची किती?' 'खांब सरळ उभा आहे का? नसल्यास किती कलला आहे?' 'दिवा रात्रभर जळतो का?'

पॉगसनने प्रत्येक रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ही नदी आहे.'

पत्रक परत आलं. उंची लिहिली नव्हती.

"अहो, नदीला उंची कुठून आणू?" तो खिडकीशी ओरडला.

"साहेब, खाली सूचना आहे बघा," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "'कोणताही रकाना असंबद्ध उत्तराने भरू नये. तसे केल्यास अर्ज फेटाळला जाईल.' कुणी लिहून ठेवलीय कोण जाणे. फारच खडूस माणूस असणार."

पॉगसनने पत्रक परत घेतलं. नदीची उंची त्याने समुद्रसपाटीपासून मोजून लिहिली; आकडा ओल्डरशॉ यांनी दिला आणि त्याबद्दल महिनाभर कुंपणावरून पॉगसनला मान डोलावायला लावली. कलण्याच्या रकान्यात 'समुद्राकडे' असं लिहिलं. दिव्यासमोर 'नाही'. शिक्का मिळाला. वर एक अट जोडून आली: दहा माणसं पाच तास बसणार तर काठावर फिरतं शौचालय असलं पाहिजे.

नदीकाठी हजार वर्षं माणसं मासे धरताहेत, त्यांनी काय केलं असेल, यावर पॉगसनने विमा कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तरात एका शौचालयवाल्याचा पत्ता आला.

ऑगस्टमध्ये अखेर काठ कापायला परवानगी मिळाली. पॉगसन आणि लायनेल रोज सकाळी जात. यंत्राने दुसऱ्या दिवशी कायमचे डोळे मिटले, मग कोयत्याने. पॉगसनच्या हातांना फोड आले, मानेवर खाजरी पानं घासून लाल चट्टे उठले, आणि तिसऱ्या आठवड्यात तो कमरेपर्यंत नदीत गेला. लायनेलने त्याला वर ओढायच्या आधी विचारलं, "खोल आहे का?" पण दहा जागा निघाल्या. प्रत्येक जागेवर पॉगसनने फळकुटावर रंगाने नंबर घातला. दहाव्या फळीवर बसून त्याने पाण्याकडे पाहिलं. पाणी हिरवट, सावकाश, मध्ये एक भोवरा. त्या पाच मिनिटांत तो कुणावरच रागावलेला नव्हता. लायनेल घाबरून म्हणाला, "बरं नाही वाटत का तुला?"

जागा दहा झाल्या, माणसं मात्र पाचच झाली होती. पॉगसन, लायनेल, कानाने कमी ऐकणारे दोघे भाऊ, आणि एक जो नदीला घाबरत असे पण पॉगसनला जास्त घाबरत असे. उरलेले पाच शोधायचे तर जावं लागणार होतं तिथेच, जिथे मंडळाचे सभासद दर शनिवारी सापडत: पॅडलवर्थला.

"मी त्या चिखलात पाय ठेवणार नाही," पॉगसन म्हणाला.

"मग मी एकटा जातो," लायनेल म्हणाला.

"तू एकटा गेलास तर पाचाचे चार करून येशील."

तेव्हा दोघं गेले. कॅफेत मंडळाचे आठ-नऊ सभासद अंडी-बेकन खात बसले होते, टनिक्लिफही होता. पॉगसनने दारातच पवित्रा घेतला. "मित्रांनो," तो म्हणाला, "ही जागा बघून मला शरम वाटते..."

काउंटरमागच्या ट्रूडीने वर पाहिलं. हसरी, गोल चेहऱ्याची बाई, सगळ्यांना राजा म्हणणारी.

"अगंबाई, आलास का राजा!" ती म्हणाली. "आज शनिवारी कसा? नेहमीचंच देऊ ना, दोन अंडी आणि जास्तीचा टोस्ट? आणि तुझ्या नाश्त्याच्या कार्डावर नऊ शिक्के झालेत बरं का, आजचा नाश्ता फुकट!"

कॅफेतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

झालं असं होतं की तीन वर्षांपूर्वी पॉगसनचा गुडघा बिघडला. नदीचा उतार उतरवेना. एका मंगळवारी, कुणी ओळखीचं नसतं म्हणून, तो इथे आला. फक्त बघायला. त्या दिवशी त्याने चाळीस किलो कार्प ओढले. एका माशाचा ओठ इतक्या वेळा गळाला लागून फाटला होता की तो गळ स्वतःच सोडवून घेतो की काय असं वाटलं. त्या माशाला तिथे नाव होतं, डेरेक. संध्याकाळी पॉगसन घरी गेला तेव्हा त्याचे खांदे दुखत होते, तो मजेत होता, आणि त्याला स्वतःची अशी चीड आली की ग्लेनिसशी दोन दिवस धड बोलला नाही. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला.

"मंगळवारी?" टनिक्लिफ सुरी-काटा खाली ठेवत म्हणाला. "डेस्मंड, मंगळवारी?"

"गुडघ्यासाठी!" पॉगसन ओरडला. "डॉक्टरांनी सांगितलंय! सपाट जागा!"

"आणि जास्तीचा टोस्टपण डॉक्टरांनी सांगितला?"

सगळे हसले. ट्रूडी बिचारी कावरीबावरी झाली. पॉगसन जागचा हलला नाही. गंमत म्हणजे त्याचे कान या वेळी लाल झाले नाहीत, पांढरे पडले.

"हो, आलो मी," तो म्हणाला. "नऊ वेळा आलो. तुमच्यासारखाच. इथे मासा मिळतोच म्हणून आलो. आणि दर वेळी घरी जाताना वाटलं, आपण काही केलंच नाही. मासा त्यांनी आणून टाकला, फळी त्यांनी मारली, मी नुसता ओढला. गॉडफ्री, तू एके काळी वळणावरच्या भोवऱ्यात एका दाण्यावर सतरा रोच मासे काढले होतेस. मी शेजारी बसलो होतो आणि रागाने माझा जीव जात होता. इथे तुझा कधी कुणाला हेवा वाटलाय का? वाटेल कशाला! सगळ्यांनाच मिळतात!"

मग कोपऱ्यातला एक प्लंबर म्हणाला, "माझं नाव लिही." त्याच्यामागून आणखी तिघं म्हणाले. नऊ झाले. फुकटचा नाश्ता पॉगसनने नाकारला. लायनेलने खाल्ला. निघताना पॅडलवर्थचा मोठा वजनकाटाही लायनेलने मागून घेतला, कारण मंडळाचा जुना काटा गंजला होता.

सप्टेंबरचा पहिला रविवार स्वच्छ उजाडला. मासे धरायला याहून वाईट हवा नाही. शौचालयवाल्याने शौचालय काठावर न ठेवता बैलांच्या कुरणाच्या मधोमध ठेवलं होतं. लायनेल आत गेला आणि बैलांना पाठ खाजवायला ते फारच सोयीचं वाटलं. त्याच्या हाका नदीपर्यंत येत होत्या, पण पॉगसन माणसं मोजण्यात गुंतला होता. नऊ. लायनेल धरून नऊ.

टनिक्लिफ वही घेऊन आला होता, गळ टाकायला नव्हे, मोजायला. "नऊ," तो म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता, पण दुःखही झालं नव्हतं. "मी दोनदा मोजले, डेस."

"तू सभासद आहेस की नाहीस?" पॉगसनने विचारलं.

"मी अध्यक्ष म्हणून आलोय."

"अध्यक्ष सभासद असतो! कलम तीन!"

"माझा गुडघा..."

"गुडघ्याचं मला सांगू नकोस!"

दोघं तोंडाला तोंड देत भांडत असताना एनिड बर्डसॉल मागून आली. तिने आधी शौचालयाभोवतीचे बैल हाकलले, लायनेलला बाहेर काढलं, आणि मग टनिक्लिफसमोर उभी राहिली. "तुमच्या हातात गळाची काठी नाही," ती म्हणाली. "करार गळ टाकणाऱ्यांशी आहे. रिकाम्या हाताने माझ्या शेतात कोणी हिंडलेलं मला आवडत नाही. एक तर बसा, नाही तर निघा."

टनिक्लिफने नदीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गाडीच्या डिकीत काठी होती. चाळीस वर्षं काठीशिवाय तो गाडी घेऊन कुठे निघालाच नव्हता. शिव्या देत तो सात नंबरच्या फळीवर बसला. पॉगसनने शिट्टी वाजवली.

पाच तास. पहिल्या तासात कुणालाच काही नाही. दुसऱ्या तासात बहिऱ्या भावांपैकी एकाला करंगळीएवढा मासा मिळाला आणि दुसऱ्याने तो आपल्या पाण्यातून ओढल्याबद्दल त्याच्याशी भांडण काढलं. तिसऱ्या तासात रंगीत होड्यांचा तांडा आला, चौदा होड्या, प्रत्येकीत एक आनंदी माणूस. "गुड मॉर्निंग!" म्हणत ते सगळ्या गळांवरून गेले. पॉगसन उठायच्या आत सात नंबरवरून आरोळी आली: "अरे मूर्खांनो, दिसत नाही का, इथे सामना चाललाय!" टनिक्लिफ उभा राहून होड्यांना मुठी दाखवत होता. पॉगसनने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो गुपचूप बसला.

पाचव्या तासात त्याच सात नंबरवर टनिक्लिफने एक रोच काढला. खराखुरा, अर्ध्या पाउंडाचा, चांदीसारखा, पर लाल. टनिक्लिफने तो हातात धरून उलटसुलट करून पाहिला. मागोमाग आणखी दोन लहान काढले. पॉगसनच्या जाळीत पाणी होतं.

मग वजन करायची वेळ आली. पॅडलवर्थचा काटा तिकाटीवर टांगला. त्यावर आकडे एकशे वीस पाउंडांपर्यंत होते. बहिऱ्या भावांचा मासा ठेवला. काटा हलला नाही. प्लंबरचे चार चिमुकले ठेवले. हलला नाही. टनिक्लिफचा रोच ठेवला तेव्हा काटा जरा थरथरला, पण तो वारा होता.

"यंत्राप्रमाणे कुणालाच काही मिळालेलं नाही," टनिक्लिफ पुटपुटला. त्याचाच रोच असल्यामुळे त्याच्या आवाजात जोर नव्हता. "सामना रद्द धरावा लागेल."

त्या क्षणी पॉगसनच्या आत जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. जाळी, कोयता, पत्रक, शौचालय, ट्रूडीचे शिक्के, सगळं. "दिसत नाही तुला तो मासा?" तो किंचाळला. "तुझ्या हातात जिवंत मासा आहे! काट्याला दिसत नाही म्हणून तो नाही? या काट्याला फुगवलेली डुकरं तोलायची सवय आहे! नदीचा मासा तोलायचा काटासुद्धा उरला नाही या देशात?"

त्याचा आवाज चिरकला. बैलसुद्धा चरायचे थांबले. लायनेलने त्याच्या दंडाला धरलं आणि त्याने झटकून टाकलं.

एनिड बर्डसॉल घराकडे गेली आणि केकचं पीठ तोलायचा आपला तराजू घेऊन आली. पितळी पारडी, डबीत वजनं. पदराने, म्हणजे तिच्या एप्रनने, तिने पीठ पुसलं. "ठेवा," ती म्हणाली.

कुरणातल्या एका उलट्या बादलीवर पाऊण तास वजनं झाली, मासा ठेवायचा, वजन टाकायचं, मासा उडी मारायचा, शोधायचा. गॉडफ्री टनिक्लिफ पहिला: चौदा औंस. लायनेल, ज्याने तीन तास शौचालयाच्या धक्क्यातून सावरण्यात घालवले होते, तो दुसरा: तीन औंस. डेस्मंड पॉगसन शेवटचा: शून्य.

कप टनिक्लिफला मिळाला. त्याने तो छातीशी धरला आणि पॉगसनकडे न बघता गाडीत बसला.

गुरुवारी सभा होती. पॉगसन नवा टाय घालून गेला. कप नदीवर राहिला, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं, टाळ्याही पडल्या. पुढचा विषय टनिक्लिफने खाली मान घालून वाचला: नदीकाठचा करार पुढच्या वर्षी सोडून द्यावा काय, कारण तो कुणी वापरत नाही.

"आपलं ठरलं होतं!" पॉगसन उठला.

"कप नदीवर राहील असं ठरलं होतं," टनिक्लिफ म्हणाला. "नदी राहील असं नव्हतं ठरलं."

हात वर झाले. अकरा विरुद्ध अकरा. काठावर बसलेल्या दहांनी नदीला मत दिलं असेल असं पॉगसनने धरलं होतं. नऊंनीच दिलं होतं. दोन मतं तर अशा माणसांची मिळाली जे कधी आलेच नव्हते. निर्णायक मत अध्यक्षाचं. टेबलावर त्याच्यासमोर कप होता. टनिक्लिफने तो थोडा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "मंडळाच्या दृष्टीने... सोडावा."

पॉगसनने भाषण तयार केलं होतं. ते त्याने केलंसुद्धा. पण मटण भरलेल्या गरम पेस्ट्र्या आल्याची हाक बाहेरून आली आणि खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. 'विश्वासघात' या शब्दाशी पोचेपर्यंत खोलीत एकच माणूस उरलं होतं. दाराशी एनिड बर्डसॉल उभी होती, तिच्या काठाचं काय होणार ते ऐकायला आलेली.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली.

"नाही!"

"सुट्टीतली घरं बांधणारा एक माणूस काठ मागतोय. त्याचे बूट फार चकचकीत आहेत, मला पटत नाही. तुम्ही दहा जण रविवारी येत जा. काही नको मला. फक्त जाताना फाटक लावा."

पॉगसनचा राग पूर्ण वेगात होता, तो एकदम कसा थांबणार? "फाटक आम्ही नेहमीच लावतो!" तो ओरडला.

"नाही लावत."

"लावतो!"

"गेल्या रविवारी उघडं होतं. तीन बैल चर्चपर्यंत गेले."

"ते लायनेलचं काम!"

दोघं फाटकावरून असे भांडले की बाहेर पेस्ट्र्या खाणाऱ्यांनी खिडकीतून डोकावलं. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात पॉगसनला कळलं की आपण आभार मानायला विसरलो. परत जाऊन मानावेत असं त्याला वाटलं, पण मग फाटकाचा विषय पुन्हा निघाला असता.

रविवारी सहा जण आले. शिट्टी नव्हती, नंबर नव्हते, विमा नव्हता. मोकळ्या जागा असल्यामुळे सगळ्यांना एकच जागा हवी होती आणि आठ वाजेपर्यंत चांगली बाचाबाची झाली. पॉगसन फाटक लावलंय का ते तिसऱ्यांदा बघायला गेला, तेव्हा पलीकडे एक गाडी उभी होती. टनिक्लिफ बाहेर उभा होता.

पॉगसनने कडी हातात घट्ट धरली.

"मी सहजच आलो होतो," टनिक्लिफ म्हणाला.

"मत देतानाही सहजच दिलंस का?"

"ते मंडळाचं मत होतं, डेस."

"मग मंडळाकडे जा. इथे गाडी लावायला जागा नाही. गाडी रस्त्यावर राहील आणि ट्रॅक्टर तिला घासून जाईल."

"राहू दे."

"चहा नाही."

"बरं."

"आडोसा नाही. आणि बसशील ती जागा चिखलाची असेल, चांगल्या सगळ्या गेल्या."

टनिक्लिफने नदीच्या दिशेने मान उंच केली. झाडांमधून पाण्याची एक पट्टी दिसत होती. "मासे?" त्याने विचारलं.

"तेही नाहीत!" पॉगसन ओरडला.

टनिक्लिफने डिकी उघडली आणि काठी बाहेर काढली.